लायसन्स बदलायचं तर सगळ्यांना विचारावं लागतं

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या प्रमाण संकेतात, आणणारी आमची एक छोटी लायब्ररी आहे; लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये घालून वापरता येणारा कोड. गेल्या काही महिन्यांत आम्ही तिचं लायसन्स, म्हणजे ती कुणी कशी वापरायची याच्या अटी, जीपीएलवरून (जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सवरून) मोझिला पब्लिक लायसन्सवर, म्हणजे एमपीएलवर नेलं. रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवण्याच्या सामायिक जागी, हा बदल एका फाइलीचा आणि प्रत्येक फाइलीच्या डोक्यावरच्या चार ओळींचा दिसतो. त्यामागे जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण मराठीत मुक्त सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांना कधी ना कधी याच वाटेने जावं लागेल.

आधी कामाविषयी थोडं. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या डीटीपीच्या काळात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपल्या पद्धतीने चालायचा. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे: कुठे अर्धा त, कुठे नुसता काना, कुठे रफार. तो फॉन्ट मशीनवर असेल तर मराठी दिसतं, नसेल तर चिन्हांचा नुसता कचरा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. रफाराचं याच्या उलट. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांमध्येही जागा बदललेल्या सापडतात. दिवाळी अंकांच्या, जिल्हा दैनिकांच्या, छोट्या प्रकाशकांच्या कितीतरी वर्षांच्या फायली अशा अडकून पडल्या आहेत. त्या सोडवायच्या तर दर फॉन्टचा एक तक्ता लागतो आणि तक्त्यानंतर अक्षरांचा क्रम लावणारा कोड लागतो.

हे तक्ते तीसेक जणांनी मिळून केले. कुणी पुण्याचे, कुणी सोलापूरचे, एकजण जर्मनीत नोकरी करणारा. मी त्यातली एक मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी. सुरुवातीला ज्याने प्रकल्प काढला त्याने जीपीएलची दुसरी आवृत्ती, १९९१ची, ‘किंवा त्यानंतरची कोणतीही’ या शब्दांसह लावली होती. पुढे आलेल्या प्रत्येकाने त्याच अटीवर आपलं काम दिलं.

जीपीएलची अट थोडक्यात अशी: हा कोड वापरा, बदला, विका, पण दुसऱ्याला देताना सोर्ससकट, म्हणजे वाचता-बदलता येणाऱ्या मूळ कोडसकट, द्या आणि त्यालाही तेच हक्क द्या, वरून नवं बंधन घालू नका. एमआयटी किंवा बीएसडी लायसन्स एवढं मागत नाही. नाव आणि सूचना ठेवा, बाकी काय हवं ते करा, हवं तर कुलूपही लावा. एमआयटी आत्ता कोड हातात घेतलेल्या माणसाला पूर्ण मोकळीक देतं. जीपीएल त्याच्या हातावर एक बंधन ठेवतं, ते त्याच्यानंतर येणाऱ्या सगळ्यांसाठी. ही चर्चा मी वर्षानुवर्षं वाचली होती आणि माझा कौल जीपीएलकडे होता. आजही बऱ्याच अंशी तो तिकडेच आहे.

त्याला कारण आमचाच एक अनुभव. काही वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने आमची लायब्ररी आपल्या उत्पादनात घातल्याचं एका योगदानकर्त्याच्या लक्षात आलं. आम्ही जीपीएलचा मजकूर जोडून सभ्य भाषेत पत्र लिहिलं. बरीच पत्रापत्री झाल्यावर त्यांनी बदललेल्या फायली प्रसिद्ध केल्या, आणि त्यात दैनिकांत वापरल्या जाणाऱ्या दोन फॉन्टचे तक्ते निघाले. ते तक्ते आमच्याकडे नव्हते आणि कधी झालेही नसते. २००३ साली लिंक्सिसच्या राउटरबाबत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. आत लिनक्स ही जीपीएलखालची प्रणाली निघाली, जीपीएलमुळे कंपनीला सोर्स द्यावा लागला आणि त्यातूनच राउटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. एमआयटी असतं तर आमच्या पत्राला काही आधारच नव्हता.

मग बदलायचं कशाला? एका दृष्टिहीन तरुणाचा ईमेल आला. आयफोनवर जुने मराठी लेख ऐकता यावेत म्हणून तो आणि त्याचा मित्र एक विनामूल्य अ‍ॅप करत होते. फोनचं स्क्रीन रीडर युनिकोड मराठी नीट वाचतं, पण जुन्या फॉन्टचा मजकूर समोर आला की इंग्रजी चिन्हं एकेक करून उच्चारत बसतं. त्यांना आमची लायब्ररी अ‍ॅपच्या आत हवी होती. अ‍ॅपचा सोर्स खुला करायलाही ते तयार होते. अडचण अ‍ॅप स्टोअरची होती. तिथून अ‍ॅप घेणाऱ्यावर अ‍ॅपल स्वतःच्या अटी लादते आणि जीपीएल तर म्हणतं की नवं बंधन नको. व्हीएलसी हा मुक्त व्हिडिओ प्लेयर याच कारणावरून जानेवारी २०११मध्ये अ‍ॅप स्टोअरमधून गेला, तोही व्हीएलसीच्याच एका प्रोग्रामरने जीपीएलचा भंग होतो अशी तक्रार केल्यावर. पुढे व्हीएलसीच्या टीममधले ज्याँ-बाप्तिस्त केम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका योगदानकर्त्याला गाठून परवानग्या मिळवल्या आणि २०१३मध्ये व्हीएलसी आयफोनवर परत आला, जीपीएलच्या जोडीला एमपीएल लावून.

ईमेलच्या शेवटी त्याने लिहिलं होतं की तुमचा नियम मला पटतो, फक्त त्या नियमामुळे मला वाचता येत नाही. मला यावर उत्तर देता येईना.

एमपीएलची दुसरी आवृत्ती २०१२ची. तिचा हिशेब फाइलीपुरता चालतो. आमच्या फाइलीत कुणी बदल करून तो पुढे वाटला तर ती बदललेली फाइल खुली ठेवावीच लागते. तिच्या शेजारी त्याने स्वतःच्या वेगळ्या फायली ठेवल्या, तर त्यांचं काय करायचं ते तो ठरवतो. तक्त्यांच्या कामाला हे चांगलं बसतं, कारण आमची खरी संपत्ती तक्त्यांच्या फायलींतच आहे.

पण ठरवणारी मी कोण? एमआयटीतून जीपीएलकडे जायचं असतं तर मूळ सूचना जागेवर ठेवून पुढचं काम जीपीएलखाली नेता आलं असतं, परवानगीची गरज नव्हती. उलट्या दिशेने तसं जमत नाही. भारतात संगणक प्रोग्राम हा १९५७च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती म्हणून धरला जातो आणि आमच्यापैकी कुणीही आपला हक्क प्रकल्पाच्या नावे करून दिलेला नव्हता. ज्याची ओळ त्याचा हक्क. म्हणजे प्रत्येकाचा स्पष्ट होकार हवा.

कोडमधला प्रत्येक बदल नावासकट नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासातून नावांची यादी काढली. कुणी दोन ईमेल पत्त्यांवरून कमिट केलेलं, म्हणजे बदल नोंदवलेला, कुणी मित्राच्या लॅपटॉपवरून. काहींचं काम नुसतं शुद्धलेखनाच्या दुरुस्तीचं, तिथे कॉपीराइटचा प्रश्न ताणायचा नाही असं ठरवलं, तरी पत्र त्यांनाही पाठवलं. पत्रात बदल का, कुठल्या लायसन्सकडे, आणि नाही म्हणालात तर तुमचा कोड काढून पुन्हा लिहू, एवढं स्पष्ट केलं. गप्प राहणं म्हणजे होकार धरणार नाही, हेही लिहिलं. निम्म्याहून अधिक लोकांचा होकार पहिल्याच आठवड्यात आला. एकाने तर थेट एमआयटी करा असं सुचवलं. त्याचं म्हणणं, एकदा दिलं की दिलं, मागे दोरी कशाला? त्याने मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचा दाखला दिला. बीएसडी लायसन्सखालचं मिनिक्स इंटेलने आपल्या प्रोसेसरांसोबत येणाऱ्या मॅनेजमेंट इंजिन या छुप्या भागात घातलं आणि मिनिक्सचे जनक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना ते कळलं २०१७मध्ये, बातम्यांतून. तरी त्यांनी कायद्याची तक्रार केली नाही, कळवलं असतं तर बरं झालं असतं एवढंच म्हटलं. आमच्या या मित्राला त्यात मनाचा मोठेपणा दिसतो. मला दिसतं ते असं की इतक्या लोकांच्या मशीनमध्ये बसलेला तो कोड त्या लोकांना उघडून पाहता येत नाही. आम्ही दोघं आपापल्या मतावर राहिलो, त्याने होकार दिला.

सोलापूरच्या अण्णांकडे मात्र मी स्वतः गेले. ते जुने डीटीपी ऑपरेटर. त्यांनी केलेले तक्ते सगळ्यात जास्त आणि सगळ्यात अचूक, कारण ते फॉन्ट त्यांनी आयुष्यभर बोटांनी वापरलेले. त्यांना ईमेलवर हा विषय पोचला नसता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, आमच्या शिवारातली पाणंद पाहिलीय का? दोन्हीकडचे शेतकरी वीत वीत बांध सरकवतात. कुणी मोठं पाप करत नाही. दहा वर्षांनी बैलगाडी जात नाही. तुमचं ते जीपीएल म्हणजे पाणंदीवरचा दगड आहे. तो काढायला निघालात.”

मी त्या मुलाचा ईमेल त्यांना वाचून दाखवला. मग एमपीएल म्हणजे काय ते त्यांच्याच तक्त्याची फाइल उघडून समजावलं. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता: माझा तक्ता कुणी सुधारून वाटला तर ती सुधारणा मला मिळेल का? हो, मिळेल. त्याने तक्त्याच्या भोवती आपलं दुकान बांधलं तर? दुकान त्याचं, तक्ता खुला. आणि कुणी सुधारून स्वतःच्याच कार्यालयात वापरला, बाहेर दिलाच नाही तर? तर मिळणार नाही, पण ते आजच्या जीपीएलमध्येही मिळत नाही. हे त्यांना नवीन होतं आणि फारसं आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर चार ओळींची संमती लिहिली, सही केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्या ओळींत एक अट होती: पुन्हा लायसन्स बदलायचं झालं तर मला विचारावं.

एक योगदानकर्ते मधल्या काळात वारले होते. निवृत्त शिक्षक, फॉन्टच्या तक्त्यांत जोडाक्षरं तपासण्याचं किचकट काम त्यांचं. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो आणि तो वारसांकडे जातो. त्यांच्या मुलीला फोन केला. वडील रात्री लॅपटॉपवर काय करत बसायचे ते तिला पहिल्यांदाच नीट कळलं. तिने आणि तिच्या आईने दोघींनी संमती लिहून दिली. बाबांचं नाव राहील ना, एवढंच विचारलं. नाव राहतं. एमपीएल ते काढू देत नाही आणि आपल्या कायद्याचं ५७वं कलमही लेखकाचा नावावरचा हक्क वेगळा राखतं.

नोकरदारांचं प्रकरण कंटाळवाणं होतं. कायद्याच्या १७व्या कलमानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. दोघांनी काही कोड कार्यालयीन वेळेत लिहिला होता. एकाच्या कंपनीने पत्र दिलं. दुसऱ्याच्या कंपनीत कुणाला विचारायचं हेच ठरेना, शेवटी तेवढा भाग आम्ही काढून टाकला.

आणि मग ती सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. ज्या दोन तक्त्यांचा आम्हाला एवढा अभिमान, त्यांचा हक्क कंपनीचा होता. जीपीएलने त्यांना सोर्स उघडायला लावला होता, मालकी बदलली नव्हती. त्यांना विचारलं. उत्तर आलं: एमआयटी करत असाल तर बोलू. एमआयटी केलं की पुढच्या वेळी त्यांना काहीच परत द्यावं लागणार नव्हतं, हे उघड होतं. आम्ही नकार कळवला.

वकिली करणारी माझी मैत्रीण तेव्हा म्हणाली, तक्ता म्हणजे कुठल्या जागेवर कुठलं अक्षर ही वस्तुस्थिती. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलंय की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी स्वतंत्र बुद्धी लागते. या तक्त्यांवर कॉपीराइट आहे का हाच वाद होऊ शकेल. मग न विचारता वापरा ना! हे सोपं होतं. पण मग अण्णांचे तक्तेही न विचारताच घेता आले असते आणि सगळी पत्रं म्हणजे नाटक ठरलं असतं. आम्ही जीपीएलच्या जोरावर कंपनीकडून फायली मागितल्या तेव्हा आमचा हक्क खरा मानला होता. आता गैरसोय झाली म्हणून त्यांचा हक्क खोटा मानायचा, हे मला पटलं नाही. कंपनीचे तक्ते काढले. ज्यांनी ते कधीच उघडून पाहिले नव्हते अशा दोघींनी फॉन्टच्या फायलींतून एकेक आकार पाहत नवे तक्ते केले. चूक सापडली की जुन्या फाइलीत डोकावण्याचा मोह व्हायचा, त्यासाठी जुनी शाखा, म्हणजे कोडची जुनी प्रत, त्यांच्या मशीनवर ठेवलीच नव्हती.

सगळ्यात जड गेला तो जर्मनीतल्या मुलाचा नकार. अक्षरांचा क्रम लावणारा भाग, म्हणजे लायब्ररीचं हृदय, त्याचा. आम्ही बराच वेळ फोनवर बोललो. त्याचं म्हणणं त्याने कुठेही आवाज न चढवता मांडलं. अ‍ॅपलने अट बदलावी, आपण का बदलायची? त्या दृष्टिहीन मुलाला अ‍ॅप मिळेल, पण त्याच्याच फोनवर त्या अ‍ॅपमध्ये स्वतः बदल करून बसवण्याचं स्वातंत्र्य मिळणार नाही. त्याच्यासारख्याला तर ते सगळ्यांपेक्षा जास्त हवं, कारण त्याच्या गरजा कंपन्यांना दिसत नाहीत. दरवेळी एखाद्या माणसाची खरी अडचण पुढे येते, दरवेळी आपण एक पाऊल मागे घेतो आणि स्टोअरवाल्यांना कधीच घ्यावं लागत नाही.

यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. मी एवढंच म्हणाले की अ‍ॅपल कधी बदलेल ते माहीत नाही आणि त्या मुलाला या वर्षी वाचायचं आहे. तो म्हणाला, ते तू ठरव, माझा कोड त्यासाठी देणार नाही. एका माणसाच्या ‘नाही’ने तीस जणांचं काम अडतं हा अन्याय आहे असं आमच्यातल्या काहींना वाटलं. बहुमत घ्या असंही कुणी म्हणालं. मला ते मान्य नव्हतं. समूहाचं स्वातंत्र्य राखायचं म्हणून आम्ही जीपीएल मिरवत होतो. तो समूह म्हणजे यादीतली ही माणसंच, आणि हात वर करून त्यातल्या एकाचं काम काढून घेता येत असेल तर उद्या दुसऱ्या कुणाचंही घेता येईल. लोकांनी मिळून केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशाने २०१२मध्ये लायसन्स बदललं तेव्हा नकार देणाऱ्यांनी काढलेले रस्ते आणि इमारती नकाशातून खरोखर पुसल्या होत्या. नकाशाला भोकं पडली, लोकांनी ती पुन्हा भरली.

आम्हीही तेच केलं. एकीने युनिकोडच्या प्रमाणावरून आणि जुन्या मजकुराच्या नमुन्यांवरून नियमांचं वर्णन लिहिलं: रफार कुठून कुठे हलवायचा, वेलांटी जोडाक्षर ओलांडून कुठे न्यायची, अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर कसं बनवायचं. दुसऱ्याने, ज्याने जुना कोड पाहिला नव्हता, त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. तो सुरुवातीला जुन्यापेक्षा हळू चालत होता आणि ‘र्‍य’सारख्या जागी अडखळत होता. आता बऱ्यापैकी सुधारलाय.

जर्मनीतल्या मुलाने जुन्या कोडचा फोर्क, म्हणजे वेगळी काढलेली प्रत, जीपीएलखाली चालू ठेवला आहे. एमपीएलची ही आवृत्ती जीपीएलशी जुळते, त्यामुळे आमच्या सुधारणा तो आपल्या फोर्कमध्ये घेऊ शकतो. त्याच्या सुधारणा आम्हाला घेता येत नाहीत. हा एकतर्फी प्रवाह आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. त्याने गेल्या महिन्यात आमचे दोन नवे तक्ते घेतले आणि त्यातली एक चूक कळवली, दुरुस्ती मात्र स्वतः न लिहिता नुसती चूक शब्दांत सांगितली, म्हणजे आमची अडचण व्हायला नको.

एमपीएलने सगळं सांभाळलं जाईल का, हा प्रश्न आमच्या बैठकीत आला. ऑगस्ट २०२३मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने आपलं टेराफॉर्म हे सर्व्हर उभारण्याचं सॉफ्टवेअर एमपीएलमधून काढून बिझनेस सोर्स लायसन्स या बंधनं घालणाऱ्या लायसन्सखाली नेलं, तेव्हा एमपीएलने काय केलं? लोकांना शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू हा फोर्क उभा करावा लागला. पण तिथे योगदान देणाऱ्यांकडून कंपनी आधीच, त्यांचं काम हव्या त्या लायसन्सखाली नेण्याची मुभा देणारा करार करून घेत असे. त्या करारामुळे पुढच्या बदलाला कुणाची दारं ठोठवावी लागली नाहीत. उलट लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, लायसन्स बदलणं जवळजवळ अशक्य आहे, कारण हक्क हजारो लोकांत वाटले गेले आहेत आणि ते सगळे कधीच एका टेबलावर येणार नाहीत.

एवढी पत्रं लिहून दमल्यावर आमच्यातल्या दोघांनी असाच करार ठेवूया असं सुचवलं होतं. पुढचा मेंटेनर सुटेल, असा त्यांचा चांगला हेतू. आम्ही ते केलं नाही. लिनक्सने २००४मध्ये सुरू केलेली पद्धत घेतली: प्रत्येक कमिटखाली, हे काम माझं आहे आणि प्रकल्पाच्या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे, अशा अर्थाची एक ओळ. हक्क काम देणाऱ्याकडेच राहतो. अण्णांची अट त्यामुळे आपोआप सगळ्यांना लागू झाली. लायसन्स पुन्हा बदलायचं झालं तर मेंटेनरला प्रत्येकाला विचारावं लागेल.

अ‍ॅप आता स्टोअरवर आलं आहे. त्या मुलाने जिल्हा दैनिकाच्या आणखी एका फॉन्टचे नमुने पाठवलेत, त्याचा तक्ता अण्णा करताहेत.